गेरूतात्या

"सुशे! अगं मेले, भिंत आहे ती, ढोलकी नव्हे!"

तात्या ओरडले की भांडुपच्या डोंगरावरच्या शेळ्या चरायच्या थांबत. सगळ्या नाही; निम्म्या तरी थांबतच.

तात्या आमचे घरमालक. गिरण्यांचा संप लांबला, बाबांनी भांडुपच्या कारखान्यात नोकरी धरली आणि आम्ही लालबाग सोडलं. दोन पोरं पाहून सगळं भांडुप खोली द्यायला कचरायचं. तात्यांनी दिली, पण गेरूसकट. डोंगराला पाठ टेकलेल्या त्यांच्या घरात एका खोलीत ते एकटे, दुसरीत आम्ही चौघं. भिंतीचा टवका उडाला, पोपडा निघाला, की शेजारी गेरूने गुन्हेगाराचं नाव आणि तिथी: 'बंड्या, वद्य पंचमी.' बंड्या म्हणजे मी. माझं नाव भिंतींवर इतक्या वेळा आलं, की मी निवडणुकीला उभा आहे असं पाहुण्यांना वाटायचं.

"घर पोरंच खातात," तात्या म्हणायचे. "वाळवी परवडली. ती उड्या तरी मारत नाही."

मग डोंगराकडच्या भिंतीला केसाएवढी भेग पडली. तात्यांनी तिच्या टोकाशी लिहिलं: 'सुशी, दोरीउड्या.' बाबांनी दोरी माळ्यावर टाकली. तरी दर आठवड्याला भेग नाव ओलांडून पुढे जाई आणि तात्या पुढे नवं नाव लिहीत. धाकटी सुशी झोपेतही पाय आखडून घेऊ लागली. आपण कूस बदलली तर घर पडेल, म्हणायची.

मे महिनाभर आम्ही गावी होतो. खोलीला कुलूप. परतलो तर भेग शेवटच्या नावापुढे हातभर गेलेली. तात्यांनी तीत बोट घातलं. सबंध आत गेलं. बाहेर आलं ते ओलं. त्या दिवशी त्यांनी कुणाचंच नाव लिहिलं नाही. ओरडलेही नाहीत. मला त्याचीच भीती वाटली.

संध्याकाळी ते दारात आले. "आठ दिवसांत खोली खाली करा. पोरांचा त्रास होतो."

"पोरं महिनाभर गावाला होती!" बाबा भडकले. "स्वतःला नाहीत ना, म्हणून दुसऱ्यांची खुपतात!"

तात्या जायला वळले. "आठ दिवस," एवढंच म्हणाले.

आम्ही मुलुंडला गेलो. टेम्पोत आईने त्यांना असे शाप दिले, की ड्रायव्हरने वाटेत दोनदा हात जोडले.

श्रावणात डोंगराची माती सुटली. ती भिंत आमच्या रिकाम्या खोलीत आडवी झाली. नेमकी सुशीचं अंथरूण असायचं तिथे. तात्यांच्या बाजूची निम्मीच पडली, पायावर निभावलं. बाबा इस्पितळात धावले. पायच धरायचे त्यांचे, पण एक प्लास्टरात होता.

"तात्या, भिंत जाणार हे कळलं होतं, तर तसं सांगायचं ना!"

"सांगितलं असतं, तर दुरुस्त करून द्या म्हणाला असतात."