अण्णांचा अर्धा गुडघा

अण्णा, म्हणजे माझे वडील, गुडघ्याच्या ऑपरेशनला तयार झाले ते फक्त मेंढरांसाठी. पडेगावच्या पुढच्या माळावर ते जन्मभर कळप घेऊन हिंडले. मग दुष्काळ पाठोपाठ आले, माळावर प्लॉट पडले, तारेची कुंपणं उभी राहिली आणि चाऱ्यासाठी दरवर्षी आणखी लांब जावं लागलं. उजवा गुडघा आतल्या बाजूनं पार झिजला. मी शहरात नोकरीला. रविवारी गेले की दवाखान्यात चला म्हणून मागं लागायची. ते हं म्हणायचे आणि काठी उचलून चालू पडायचे.

शेवटी आले. डॉक्टर म्हणाले, अर्धाच गुडघा खराब आहे, तेवढाच बदलू, रोबोटच्या मदतीनं. मशीन एकटंच कापणार का, अण्णांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, हात माझाच, पण ठरलेल्या रेषेबाहेर मशीन जाऊ देत नाही. हे अण्णांना लगेच पटलं. आमचं कुत्रंही कळपाला तसंच हद्दीत ठेवतं, म्हणाले. मग कामाचं विचारलं.

"मेंढरं घिऊन माळानं चालता यील ना?"

डॉक्टर हो म्हणाले.

ऑपरेशन छान झालं. पण ते दवाखान्यात असतानाच आईनं कळप विकला. विहीर आटली होती, टँकरचं पाणी माणसांनाच पुरत नव्हतं, कोकरं माना टाकत होती. कळलं तेव्हा मी तिच्यावर भडकले. ती एवढंच म्हणाली, "डोळ्यादेखत मरू द्यायची व्हती का?" सगळा राग मी माळावरच्या प्लॉटच्या बोर्डावर काढला. बोर्डावर हिरवीगार बाग होती आणि खाली गवताची काडी नव्हती.

घरी आल्यावर आईनंच त्यांना सांगितलं. ते तिला एका शब्दानंही बोलले नाहीत. जेवण मात्र कमी झालं. मेंढरांच्या रिकाम्या वाड्याकडे पाठ करून बसायचे आणि सांगितलेला व्यायाम निमूटपणे करायचे. मला वाटलं, सावरतायत.

पुढं तपासणीला गेलो. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं त्यांना दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात अनवाणी चालायला सांगितलं. काठीशिवाय, न लंगडता चालले. मला इतका आनंद झाला की रडूच यायचं बाकी होतं. पण थोडं गेले की थांबायचे, मान वळवून मागं बघायचे, मग पुन्हा चालायचे. न थांबता चाला बाबा, असं तिनं दोनदा सांगितलं. तरी तेच. शेवटी जवळ जाऊन तिनं विचारलं, कुठं दुखतंय?

"दुखत नाय, पोरी. एखादं मागं ऱ्हातं, म्हून बघावं लागतं."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं असावं. मागं मीच तेवढी उभी होते, त्यांच्या चपला हातात घेऊन.