किडक्या तुरीची मतं

यशोदाबाई लग्न होऊन नशिराबादजवळच्या खेड्यातून जळगावात आल्या आणि हातावरची मेंदी जायच्या आधीच डाळमिलमध्ये निवडायला बसल्या. पत्र्याच्या शेडमध्ये बायकांची ओळ, पुढ्यात धान्याचा ढीग, बोटांनी खडे आणि किडके दाणे बाजूला सारायचे. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. नवरा, हिलाल, त्याच मिलमध्ये हमाल होता. पोती वाहून त्याची कंबर गेली तेव्हा कामगार संघटनेच्या निधीतून त्याचं ऑपरेशन झालं. यशोदाबाई हे विसरल्या नाहीत, आणि लोकांनी विसरूही दिलं नाही.

माझी त्यांची ओळख विधीमुळे झाली. विधी धुळ्याची. तिचे आजोबा फुलचंदशेठ धान्याचे व्यापारी. माझ्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहून ती पीएच.डी. करत होती. वेगवेगळ्या देशांत कामगाराला आजारपणात, बाळंतपणात, काम सुटल्यावर काय आधार मिळतो आणि तिथली मतदानाची पद्धत त्याला कुठवर कारणीभूत असते, हा तिचा विषय. तुलनेसाठी तिने आपल्या इथली डाळमिल कामगारांची संघटना घेतली होती. यशोदाबाई मुलाखतीला माझ्याच बैठकीत येऊन बसत.

"अक्का, तुमच्या संघटनेत निम्म्या बायका. कमिटीत एकही नाही. असं का?" विधीने एकदा विचारलं.

"मी दोनदा उभी राहिले. दोनदा पडले."

कारण सोपं होतं. संघटनेत आठ मिल. प्रत्येक मिल आपला एक माणूस कमिटीवर पाठवी. कुठल्याही मिलमध्ये पाहावं तर हमाल आणि मशीनवाले मिळून बायकांपेक्षा थोडे जास्त. म्हणून आठही जागांवर पुरुष. विधीने सांगितलं, काही देशांत सगळ्यांची मतं एकत्र धरतात आणि ज्या गटाला जितकी मतं, तितक्या जागा त्याला देतात.

यशोदाबाई चहाची बशी खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे आठही मिलचा माल एका ढिगात ओतायचा न् मग वाटे घालायचे."

"हो, तसंच."

"मग पोरी, तीन मुलाखती झाल्या, माझं माहेर विचारलंस, सासर विचारलंस. हे आधी नाही का सांगायचं?"

त्यांना घाई होती. सगळ्या मिलमध्ये सॉर्टेक्स बसत होतं. हे यंत्र खराब दाणा ओळखून आपोआप बाहेर फेकतं. मालकांशी करार ठरत आला होता. हमालांची कामं राहणार. निवडणाऱ्या बायकांना एकदाच काही रक्कम देऊन घरी पाठवणार. कमिटीच्या आठही जणांची त्याला संमती होती. सही पुढच्या गुरुवारी. त्याआधी मतदानाचा नियम बदलून बायका कमिटीवर गेल्या, तरच कराराला हात लावता येणार होता.

अध्यक्ष धनसिंग हमाल, माणूस सरळ. रविवारी सर्वसाधारण सभा घ्यायला ते तयार झाले. पंच कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनीच माझं नाव घेतलं. "त्या मावशींना बोलवा. रिक्षावाल्याकडे राहिलेला रुपयासुद्धा लिहून ठेवतात म्हणे. त्यांना लबाडी जमायची नाही."

सभा संघटनेच्या गोडाऊनमध्ये भरली. एका बाजूला हमाल, दुसऱ्या बाजूला बायका. त्यांतल्या कितीतरी एकमेकांचे नवराबायको. घरून एकत्र आले आणि दारातून आत शिरताच वेगळे झाले.

धनसिंग उभे राहिले. "यशोदाबाई, हिलालच्या कमरेला टाके पडले ते कोणाच्या पैशानं?"

"संघटनेच्या. त्यात माझीपण वर्गणी होती, भाऊ."

बायका हसल्या. मागून कोणीतरी ओरडलं, "मालकांशी कसं लढायचं ते आता शेठची नात शिकवणार!" विधीचा चेहरा उतरला.

"शेठची नात म्हणून तिचा हिशेब चुकतो का?" यशोदाबाई म्हणाल्या. "आज यंत्र दाणे उचलतंय. उद्या सरकता पट्टा बसवला की पोतीपण उचलील. तेव्हा तुम्ही कोणाच्या तोंडाकडे पाहाल?"

मतदान सुरू झालं.

या संघटनेत मत दाण्याने देतात. स्थापनेच्या वेळी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, तेव्हापासूनची रीत. प्रत्येकाला एक अख्खी तूर आणि एक अख्खा मूग. तूर म्हणजे नियम बदला, मूग म्हणजे आहे तसाच ठेवा. दोन्ही मुठीत घेऊन पडद्याआड जायचं, एक दाणा मताच्या माठात टाकायचा, दुसरा शेजारच्या माठात. कोणी काय टाकलं ते नवऱ्यालाही कळत नाही. मी दारात बसून आत जाणाऱ्याच्या नावापुढे खूण करत होते.

मग मताचा माठ पांढऱ्या चादरीवर उपडा केला. दाणे वेगळे करायला नेहमीप्रमाणे बायकाच बसल्या, कारण त्यांचा हात झपाझप चालतो. मंजुळाबाई त्यांत सगळ्यांत जुन्या. बघता बघता दोन ढीग झाले. मी मोजले. मूग जास्त निघाले. हमालांनी टाळ्या पिटल्या, कोणी शिट्टी मारली. यशोदाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी नुसता पदर आवळून धरला.

माझा आकडा मात्र जुळेना. आत गेलेली माणसं जास्त आणि दाणे कमी. मी चादरीखाली पाहिलं, माठ हलवून पाहिला. तेवढ्यात मंजुळाबाईंच्या गुडघ्यापाशी एक छोटी चिमूट दिसली.

"मंजुळाबाई, ते काय?"

"काही नाही, बाई. किडकं शे ते."

मंजुळाबाईंनी खाली पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर नेले. जन्मभर जे केलं तेच त्यांच्या बोटांनी केलं होतं. भोक पडलेले दाणे दिसले, बाजूला सारले. तूर गोडाऊनमधल्या जुन्या पोत्यातली होती, तिलाच कीड लागलेली. त्या चिमटीतले बहुतेक दाणे तुरीचे होते.

"फेकलेला माल परत पोत्यात येत नाही," धनसिंग म्हणाले. "तुमच्याच बाईनं फेकला."

"माठात पडला तो दाणा म्हणजे मत," मी म्हटलं. "किडका असो की चांगला." मी सगळ्यांसमोर ते दाणे धरून पुन्हा मोजले. आता तूर जास्त झाली. थोडीच, पण जास्त.

हमाल उठले. "बोटं त्यांची, पंच त्यांची!" कोणाच्या तरी लाथेने माठ फुटला. धनसिंग दाराकडे निघाले. "आम्ही हे मानत नाही. आमची संघटना वेगळी."

गेटपाशी मालकांच्या मॅनेजरचा माणूस मोटारसायकलला टेकून फोनवर बोलत होता. यशोदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, मतदान परत घ्या."

बायका अंगावर आल्यासारख्या ओरडल्या. "अक्का, जिकेल शे ना आपण! मंग परत कसाले?"

"आज दोन संघटना झाल्या, तर गुरुवारी मालक एकीशीपण बोलणार नाहीत." त्या धनसिंगांच्या वाटेत जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, धान्य तुम्ही आणा. निवडा तुम्ही, मोजा तुम्ही. पण आत्ता. मग जे येईल ते मी मानीन, तुम्हीपण माना."

धनसिंग दारातून मागे फिरले. मग त्यांनी नव्या तुरीचं आणि मुगाचं पोतं मागवलं. चार हमाल चादरीवर मांडी घालून मतदानासाठी अख्खे दाणे पारखायला बसले. इतक्या ताणातही बायकांना राहवेना.

"ओ निंबाभाऊ, तुरीत मूग चालला तुमचा!"

"दिसत नाही गं एवढंसं," म्हातारा निंबा कुरकुरला. "मान धरली माझी."

"आत्ताच? अजून दुपारची सुट्टीपण झाली नाही!"

फुटलेल्या माठाच्या जागी दुसरा ठेवून पुन्हा रांग लागली तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. एक तरुण बाई पडद्याआडून रडत बाहेर आली. तिचा नवरा समोरच उभा होता. तिने काय टाकलं ते मला आजही माहीत नाही.

धनसिंगांनी स्वतः मोजलं. मोजून झाल्यावर पुन्हा मोजलं. मग हात झटकून म्हणाले, "तूर." एवढंच. एक-दोन जण काही बोलायला लागले, त्यांना ते म्हणाले, "मोजलं मी ना? मग बसा."

बुधवारी नव्या पद्धतीने निवडणूक झाली. आठांपैकी तीन जागा बायकांना मिळाल्या, त्यात यशोदाबाई. गुरुवारी त्या करारासाठी मालकांसमोर बसल्या. संध्याकाळपर्यंत घासाघीस चालली. बायकांना काढलंत तर एकही ट्रक भरणार नाही, असं धनसिंगांनी सांगितलं, तेव्हा मालक थोडे नमले. पन्नाशीच्या आतल्या बायकांना पॅकिंगमध्ये घ्यायचं ठरलं. पन्नाशीपुढच्यांनी रक्कम घेऊन घरी जायचं. याच्यापुढे मालक तसूभर सरकले नाहीत. यशोदाबाईंनी सही केली.

त्यांचं स्वतःचं वय पन्नाशीच्या जेमतेम आत होतं. मंजुळाबाई पन्नाशी ओलांडलेल्या, त्यांचं काम सुटलं. स्वतःची जागा राखून रेघ ओढली, असं गल्लीत लोक बोललेच.

यशोदाबाई मंजुळाबाईंच्या घरी गेल्या तेव्हा मला सोबत घेऊन गेल्या. मंजुळाबाईंनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "आधीची कमिटी राहती तर आपण बठ्ठ्या, सगळ्याच, घरी बसलो असतो. आम्हा म्हाताऱ्यांनाच तेवढं बसावं लागलं नसतं." यशोदाबाईंनी पाणी तसंच खाली ठेवलं.

पुढच्याच बैठकीत त्यांनी पन्नाशीपुढच्या बायकांचा विषय मांडला. त्यांना अर्धा दिवस तरी काम द्या, यासाठी मालकांकडे पुन्हा जायचं. तीन हात वर आले, पाच खाली राहिले. दर महिन्याला त्या तोच विषय मांडतात. धनसिंग म्हणतात, "आला यशोदाबाईंचा विषय," आणि हात मोजतात.

गेल्या बैठकीत चौथा हात कमिटीवर निवडून आलेल्या निंबाचा होता. विधीने बाहेर गाठून कारण विचारलं.

"माझी घरवाली पन्नाशीच्या पुढची आहे ना," तो म्हणाला. "घरात बसल्यापासून मला एक घास सुखानं खाऊ देत नाही."

चार विरुद्ध चार. अशा वेळी अध्यक्षाचं जादा मत निर्णायक धरतात. धनसिंगांनी मानेवरून हात फिरवला, यशोदाबाईंकडे पाहणं टाळलं आणि विषय पुढच्या बैठकीवर ठेवला. ती बैठक येत्या रविवारी आहे.