अंगनातला संबळ

त्या दिवशी अंगनात एवढी जनं हुती: मी, माझी सून, कालिजात जानारी नात, तिच्यासंगं वाजवनारी पोरं आन त्यांचे सर. तिसगावात आमच्या घरी सरांना पह्यल्यांदाच चहाला बोलावल्यालं.

नातीनं नगरच्या कार्यक्रमासाठी नुसत्या वाद्यांचं बसवलं हुतं. गानं न्हाई, पेटी न्हाई. हलगी, ढोलकी, डफ आन संबळ. कोन कुठं घुसायचं, कोन कुठं थांबायचं, सगळं तिनंच ठरवल्यालं. मला म्हनली, "आजी, देवीच्या गोंधळातली चाल घेतलीय. बरुबर हाय का ऐक."

सुरवातीला बरं वाटलं. मंग संबळ डबल झाला, दुप्पट पळाया लागला, आन मला फुडचं ठाव न्हाई.

शुद्धीवर आले तवा केस सुटल्यालं, पदर मातीत, कपबशा फुटल्याल्या. पोरं भिताडाला चिकटून उभी. सर खाली बघत हुते.

सून म्हनली, "आत्याबाई, आजच यायचं हुतं व्हय देवीला? पोरीची पार शोभा केली."

मी कपबशांच्या खापऱ्या येचाया लागले. लई वर्सांमागं आमी ऊसतोडीला गेल्तो, तवा पाचटाच्या कोपीत माझं तान्हं लेकरू तापानं गेलं. मुकादम म्हनला, गाडी भरायची हाय. मी मोळ्या उचलल्या. रडायला येळच न्हवता. पुढं गावाकडं गोंधळात संबळ डबल झाला की अंगात यायचं, तेवढंच रडता यायचं. गावाला त्याचं काय वाटत न्हवतं. सरांना काय ठाव?

दुसऱ्या दिवशी नातीनं डबलचा भाग काढून टाकला. ऐकलं तर सगळंच अळनी. तिच्या तोंडावरच दिसत हुतं.

मी म्हनलं, "घाल परत. मी नगरला येत न्हाई."

"तू न्हाई आली तर मंग कुनासाठी वाजवू?"

"लोकांसाठी वाजव. मी घरी भाकरी थापते."

टेम्पोत वाद्यं चढवली, सगळी गेली. सूनबी गेली. मी चुलीपुढं बसले. माघारी आल्यावर नात म्हनली, "चांगलं झालं," आन झोपली. डबल ठेवलं का काढलं, बोलली न्हाई. तिला इचारायची मला लाज वाटती. सुनंला इचारावं तर परत त्या कपबशा निघत्याल.

तुमी कुनी नगरात ऐकलं असंल, तर शेवटाला संबळ डबल वाजला का, तेवढं मला सांगा.