गाडीतील खुडखुडीबाबत

शहापूरच्या तहसील कचेरीबाहेर मी अर्ज लिहितो. शिक्षण नववीत थांबले; तथापि माझ्या मसुद्यावर वकिलांनाही बोट ठेवता आलेले नाही. कचेरीपुढचे झाड तोडल्यापासून माझी जुनी मोटार हेच माझे कार्यालय. उन्हाळ्यात पक्षकारास एसीत बसवावे आणि मूळ कागद समोरच्या कप्प्यात सुरक्षित ठेवावेत, ही माझी पद्धत.

त्या वैशाखात एसीतून खुडखुड येऊ लागली. मी रीतसर चौकशी केली. पंखा एकवर असता खुडखुड, तीनवर असता फडफड. एसी बंद करून नुसता पंखा ठेवला तरी तेच. सबब दोष कॉम्प्रेसरचा, असा निष्कर्ष मी दोन पानांत नोंदवला.

त्याच सुमारास किन्हवलीकडील एका आजीबाईंच्या वनजमिनीच्या दाव्याची पोच सापडेना. दावा मुदतीत दाखल झाल्याचा तेवढाच पुरावा. त्याविना कसती जमीन हातची जाणार. पोच कारकुनाने पाहायला घेऊन परतच केली नाही, अशी कडक तक्रार मी त्यांच्या अंगठ्यानिशी ठोकली.

सुनावणीच्या सकाळी मुरबाडच्या घरून निघालो, वाटेत आजींना घेतले. आवाज असह्य झाला, तेव्हा गॅरेज गाठून माझी दोन पाने मेकॅनिकच्या हाती दिली.

"काका, एसी बंद असला तरी वाजतंय ना? मग कॉम्प्रेसरचा काय गुन्हा?" त्याने कप्पा उतरवला. "हे मागचं झाकण कोणी काढलं?"

"फायली मावत नव्हत्या," मी म्हणालो.

त्याने कप्प्यामागच्या पंख्यात हात घालून कागदाची एक घडी ओढून काढली. कोपरा कुरतडलेला, जांभळा शिक्का शाबूत.

"ही माझी!" आजी म्हणाल्या. "हा हळदीचा डाग माझ्या हातचा. दादा, चोर तुमच्याच गाडीत, आन शिव्या त्या क्लारकाला लिवल्या?"

"शिव्या नव्हेत, आक्षेप."

मी पोच ठेवण्यासाठी हात पुढे केला. त्यांनी ती पदराच्या गाठीत बांधली. "नाय. तुमच्या कप्प्यात वारा लय."

गाडी आता निमूट चालत होती. तक्रार मागे घेण्याचा मसुदा मी मनात जुळवू लागलो, तोच मागून आवाज आला, "चुकी लिवाल तवा माझा अंगठा नको. तुमची सही करा."

सुनावणीत आजींनी गाठ सोडली आणि दावा मुदतीतला ठरला. त्यानंतर माझ्या सहीचा अर्ज मी कारकुनापुढे ठेवला. त्याने तो सावकाश, ओळीवर बोट फिरवत वाचला.

"साहेब," तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "याची पोच देऊ का?"