बरणीतली नळी

कुणाच्याही घरी गेला तरी तो आधी उंबऱ्यावर थांबायचा, मान वर करून दोनदा हुंगायचा आणि मगच आत यायचा. आमच्या हिला वाटायचं, स्वयंपाकाला नाक मुरडतो.

"रागावू नका, वयनी. जिनातला माणूस आहो मी. आधी वास, मंग पाय."

अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तो फिटर होता. कापसाच्या गंजीत एक ठिणगी काय करते हे त्याने लहानपणीच पाहिलं होतं. रॉकेल असो की पेट्रोल, त्याला वास सगळ्यांच्या आधी यायचा. अशी धास्तावलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो. मीही पुष्कळ हसलो.

साठ सालच्या आसपास आमच्या वकीलसाहेबांच्या डोक्यात विमान शिरलं. विकत घ्यायचं नव्हे, घरी बांधायचं! परदेशातून नकाशे आले, लष्करी लिलावातून जुनं इंजिन आलं आणि गावाबाहेर त्यांच्या शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये सांगाडा उभा राहिला. मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचो, म्हणून नकाशे वाचायला मी आणि पाना धरायला तो. दर रविवारी आम्ही तिघं तिथेच.

टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणारी नळी नकाशात धातूची होती. वकीलसाहेबांनी मुंबईहून प्लॅस्टिकची आणली, काचेसारखी आरपार.

"पेट्रोल वाहताना दिसतं. याहून सुरक्षित काय असणार?" ते म्हणाले.

नकाशात काय छापलंय ते मला समोर दिसत होतं. पण साहेब खुशीत होते. मी गुपचूप नकाशा गुंडाळला. त्याची मला आजही लाज वाटते.

तो मात्र अडून बसला. "साहेब, पेट्रोल रबराले खाते. हिचं काय करन, मले मालूम नाई. म्हैनाभर थांबा."

नळीचा वीतभर तुकडा त्याने पेट्रोलच्या बरणीत बुडवला आणि बरणी आपल्या घरच्या अंगणातल्या कोनाड्यात, चुलीपासून लांब ठेवली. दर शुक्रवारी तुकडा काढायचा, गाठ मारून पाहायचा, सोडायचा, पुन्हा बुडवायचा. महिनाभर गाठ मऊच बसत राहिली. मग त्याने नळी विमानाला जोडली आणि "पास" एवढंच म्हणाला. इंजिन दोन-तीनदा चालवलं, थेंबही गळला नाही.

वैशाखात साहेब खटल्यासाठी नागपूरला गेले. उन्हाळ्यात पेट्रोल भरून ठेवायचं नाही, हा त्याचाच आग्रह, म्हणून टाकी रिकामी केली. दीड महिना ती नळी तापलेल्या टिनाखाली कोरडी पडून होती. आम्हाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

इकडे त्याच्या बायकोने, पोरंबाळं खेळतात तिथे पेट्रोल नको, म्हणून बरणी ओतून टाकली. तुकडा कोनाड्यातच राहिला.

एका सकाळी तो सायकल हाणत माझ्याकडे आला. त्या दिवशी उंबऱ्यावर थांबला नाही. हातात नळीचे दोन तुकडे होते.

"मास्तर, भिजली होती तवर मऊ होती. वाळली अन् काडीवानी मोडली! विमानातली बी अशीच झाली असन."

"साहेब आले का परत?"

"काल आले. आज इंजिन चालू करून राहिले."

आम्ही डबलसीट निघालो. शेताच्या धुऱ्यावर, बांधाशीच इंजिनाचा आवाज कानी पडला. साहेब विमानात बसलेले होते.

"बंद करा! उतरा खाली!" तो ओरडला. त्या आवाजात त्यांना काय ऐकू जाणार? त्यांनी हसून हात हलवला.

पेट्रोलचा वास आता मलाही येत होता. त्याने माझ्या छातीवर हात ठेवून मला मागे लोटलं. "तुमी इथंच."

पंख्याला वळसा घालून तो वाकला आणि इंजिनाखाली हात घालून पेट्रोल बंद करायचा कॉक फिरवू लागला. भडका उडाला तेव्हा हात आतच होता. कॉक पुरता बंद झाला तेव्हाच त्याने हात बाहेर काढला, तोवर अंगावरच्या तेलकट कपड्यांनी पेट घेतला होता. साहेबांना साधा चटकाही बसला नाही.

इस्पितळात तो तीन दिवस होता. शेवटच्या दुपारी त्याने मला जवळ बोलावलं.

"नकाशावर लिवा, मास्तर. नळी भिजवून पाहा, मंग वाळवून पाहा. कोनी तरी पुन्हा बांधन हे. अन् खाली माहं नाव टाका. पास मीच केली होती."

"लिहितो," मी म्हणालो. त्याच्याकडे पाहायची हिंमत झाली नाही.

कबरस्तानातून घरी आलो आणि नकाशा उघडला. नळीशेजारी धातूचं नाव ठसठशीत छापलेलं होतं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याचं वाक्य मी लाल शाईने जसंच्या तसं लिहिलं आणि खाली नाव घातलं ते माझं.