फिर्याद न देण्याचा कागद

शनिवार, १४ मे १९६६. दुपारचे पावणेचार. माहीममध्ये (पालघरचं माहीम, मुंबईचं नव्हे, दर वेळी सांगावं लागतं) आमच्या जाळ्यांच्या खोपीला आग लागली. लागली कसली... लावली.

लावणारा दामाकाका. आमचा शेजारी, बाबांचा लहानपणापासूनचा मित्र. समुद्रात जाळं बांधायच्या जागेवरून वर्षभर दोघांचं वाजत होतं आणि त्या दुपारी त्याने आमच्या नव्या जाळ्यावर रॉकेल ओतलं. बाबा ते ओढून काढायला आत घुसले. जाळं गेलंच, उजवा हातही कोपरापर्यंत भाजला.

मी सतरा वर्षांची. वसईला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये राहून नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिलेली. खोटं बोलणं पाप, गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे, हे सिस्टरांनी डोक्यात पक्कं बसवलेलं. मला वाटलं, आता पोलीस येतील.

पोलीस कसले येतात! तिसऱ्या दिवशी आमच्या अंगणात जमातीचे पंच बसले. म्हाताऱ्या पाटलांनी निकाल दिला. दामाने पावसाळ्यात नवं जाळं विणून द्यायचं. शिवाय हरीचा, म्हणजे बाबांचा, हात बरा होईपर्यंत त्याला दोन्ही वेळा स्वतःच्या हाताने जेवू घालायचं. बदल्यात हरी फिर्याद देणार नाही.

आई म्हणाली, "मी हाय ना भरवायला."

"तू कशाला?" पाटील म्हणाले. "हात काय तू जाळला?"

पाटलांना हे सगळं कागदावर हवं होतं आणि अंगणात लिहिता येणारी मी एकटी. दात-ओठ खात, पण सुवाच्य अक्षरात, मी ते लिहिलं. दोघांनी खाली अंगठे उठवले.

माझा नुसता संताप झाला होता. खोप जाळायची, माणूस भाजायचा आणि शिक्षा काय, तर भात भरवायचा? दुसऱ्याच दिवशी मी चौकीच्या पत्त्यावर तक्रार टाकली. कुणी, कधी, कसं, सगळं लिहून खाली स्वतःची सही. घरात कुणाला सांगितलं नाही.

दामाकाका पहिल्यांदा भरवायला आला तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून बसले. घास आला की तोंड उघडायचे, डोळे घट्ट मिटलेले. काका खाली मान घालून माशातला एकेक काटा काढत होता.

पाचव्या दिवशी बाबा पहिल्यांदा बोलले. "केवडा घास रं! मी काय मुशी हाय?" (मुशी म्हणजे शार्क.)

"मुशी बरी," काका म्हणाला. "ती बडबड नाय करत."

आई तोंडाला पदर लावून चुलीकडे पळाली. मी हसले नाही. मी पोस्टमनच्या वाटेकडे बघत होते.

बाराव्या दिवशी भर जेवणात हवालदाराने अंगणात सायकल टेकवली. हातात माझं पत्र.

"आग कुणी लावली?"

काकाचा हात घासासकट हवेत थांबला. आणि बाबा... बाबांनी अगदी अभिमानाने सांगितलं, "सायेब, आमी सगळा कायदेशीर केलाय. कागद हाय. पोरीनं लिवलाय, कानवेंटची हाय ती." आईला डब्यातून कागद काढायलाही लावला!

हवालदाराने तो दोनदा वाचला. मग कपाळाला हात लावला.

"अहो, हा कुणाला दाखवायचा असतो का? याने आग लावली म्हणून हा आत जाईल. आणि बदल्यात जाळं घेऊन फिर्याद न द्यायचं कबूल केलंत, म्हणून तुम्ही. तोही गुन्हाच आहे." मग माझ्याकडे वळून, "आणि तक्रारीतलं अक्षर न् या कागदावरचं अक्षर एकच दिसतंय..."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

काकाने घास ताटात ठेवला, हात धुतला आणि उठला. "चला सायेब. बाय खरा बोलली, तिला कोणी रागावू नका." दारापर्यंत गेला आणि मागे वळला. "वयनी, त्या उरल्या तुकड्यात मोठा काटा हाय. बघून भरवा."

मला काय झालं ठाऊक नाही. मी म्हणाले, "मी नीट पाहिलं नव्हतं. बिडीची ठिणगी पडली असेल. मी रागाच्या भरात लिहिलं."

आयुष्यातलं पहिलं ठरवून बोललेलं खोटं... तेही सरकारी माणसासमोर.

हवालदाराने पत्राची पुन्हा घडी घातली. मग पत्र माझ्या हातात दिलं, कागद आईच्या. "चूल पेटलेली आहे ना?" एवढंच विचारलं आणि सायकल काढली.

पाऊस निम्मा झाला तेव्हा हात बरा झाला. बाबांनी सांगितलं नाही, आईने पाहिलं. मागच्या दारी त्याच हाताने ते जाळ्याला गाठ मारत होते. जेवायची वेळ झाली तसे आत आले आणि हात मांडीवर अलगद ठेवून बसले, काका येईपर्यंत. असं आठ-दहा दिवस चाललं. आई बाबांचं ताट वाढून काकाच्या हातात देत राहिली.

पुढे तीस वर्षं मी कोर्टात टाइपरायटर बडवला. गुन्हे परस्पर मिटवताना बहुतेक वेळा दुबळ्याचंच तोंड दाबतात, हे मी रोज पाहिलं. म्हणून मी अशा तडजोडींच्या विरुद्ध होते आणि आजही आहे. पण टाइप केलेल्या त्या ढीगभर निकालांत पाटलांच्या तोडीचा एकही सापडला नाही, हेही खरं.

तेव्हा माझ्या मित्रयादीतल्या तमाम वकील मंडळींनो, त्या अंगणात मी खरं बोलायला हवं होतं का? येत्या रविवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी उत्तर हवं. पूर्ण वाक्यांत. नुसते बदाम पाठवाल तर खबरदार.