भौतिकशास्त्रातलं भूत

शकुबद्दल कुणी विचारलं तर मी आधी सांगते, बाई हट्टी आहे. मग सांगते, तिने साडीला फॉल लावला तर टाका शोधून सापडत नाही. वाकोल्याला आमच्या इमारतीत जिन्याखाली तिचं मशीन आहे. फॉल-बीडिंग, पिको, घट्ट झालेले ब्लाउज उसवून सैल करणं, ही तिची कामं. समोर एक प्लॅस्टिकचं स्टूल आहे, ते म्हणे गिऱ्हाइकांसाठी. मी पोस्टातून रिटायर झाले तेव्हापासून त्यावर बहुतेक वेळा मीच असते, आणि गिऱ्हाईक उभं असतं.

शकु मूळची वाशीमकडची. लग्न होऊन इथे आली आणि इथलीच झाली. नवरा भीमराज विमानतळावर कार्गोत आहे, बोलायला पैसे पडतात अशा समजुतीत राहणारा माणूस. तेजल ही त्यांची एकुलती एक मुलगी. बापाच्या वाटणीचं सगळं बोलणं हिच्या वाट्याला आलं असावं, कारण लहानपणी ती इतके प्रश्न विचारायची की मी दुपारी दार लावून घ्यायचे. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मग वरचं खाली का नाही दिसत? आता मी काय सांगणार? मी पोस्टात होते.

मराठी शाळेत ती कायम पहिल्या पाचात. बारावी सायन्सही निभावलं. मग बी.एस्सी.ला गेली आणि पहिल्याच वर्षी फिजिक्सच्या एका पेपरात तिला केटी लागली, म्हणजे विषय राहिला. पुन्हा बसली, पुन्हा राहिली. दुसरं वर्ष केटी घेऊन काढता येतं, पण पहिल्या वर्षाचा विषय सुटला नाही तर तिसऱ्याला घेत नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षा होती, म्हणजे ही शेवटची संधी. नापास होण्याचं मला तेवढं काही वाटलं नाही, मुलं होतात नापास. पण पोरगी बोलेनाशी झाली होती. जिन्यात भेटली की मान हलवायची आणि वर जायची. एक दिवस आईला म्हणाली, "मला कॉलेज नको. मॉलमध्ये कपड्यांच्या शोरूमला मुली घेतायत, मी जाते."

शकुने मशीन थांबवलं. "परीक्षा दे, मग जा कुठे जायचं तिथे," एवढंच म्हणाली. आणि दुसऱ्या दिवसापासून फॉल लावायला येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायला लागली की तुमच्या ओळखीत कोणी कॉलेजचं फिजिक्स शिकवणारे सर आहेत का.

तुम्हाला वाटेल, मुंबईत शिकवणीला काय तोटा. प्रत्येक खांबावर कुणीतरी सर हाताची घडी घालून उभे असतात. पण ते सगळे दहावी-बारावीवाले, नाहीतर इंजिनिअर-डॉक्टर करून देणारे. साधं बी.एस्सी.चं फिजिक्स म्हटलं की समोरचा असा चेहरा करतो, जसं आपण त्याच्याकडे रॉकेलच मागितलं. आणि ज्याला इतकं फिजिक्स येतं तो वाकोल्यात येऊन एका पोरीला का शिकवेल, हाही प्रश्नच.

"प्रेमाताई, तुम्ही चला बरोबर," शकु मला म्हणाली. "तुम्ही इंग्लिश बोलता ना. मला बघून ते लोक नीट बोलत नाहीत."

मी गेले. घरी बसून तरी काय करत होते. तेजललाही शकुने बरोबर घेतलं.

पहिला पत्ता अंधेरीचा. थंडगार क्लास, काचेचं दार, भिंतभर पोरांचे फोटो. डिग्रीचं आम्ही करत नाही, असं रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, पण शकु हलेना, म्हणून आतून प्रीतम सर म्हणून एक जण बाहेर आले. तरुण, टी-शर्टवर क्लासचं नाव. पाच मिनिटं भराभर बोलले, सिलॅबस, नोट्स, टेस्ट सिरीज. म्हणाले, जमवतो काहीतरी. मी मान डोलावत होते. मग शकुने तोंड उघडलं.

"सर, एक विचारू? फिजिक्सला मराठीत भौतिकशास्त्र म्हणतात ना. त्यात भुताचं काय असतं?"

मला जमिनीने गिळावं असं झालं. प्रीतम सर हसले ते चांगलेच हसले. रिसेप्शनच्या मुलीला म्हणाले, "सुना क्या? भूत का शास्त्र." तीपण हसली. सोफ्यावर बसलेले दोन पालकही हसले. मलाही थोडं हसू आलं, खोटं कशाला बोला. तेजल शूजकडे बघत उभी होती.

रस्त्यावर आल्यावर शकु म्हणाली, "हा नको."

"का गं? तो तयार होता ना."

"नको म्हटलं ना."

तिला वाईट वाटलं असेल म्हणून मी गप्प बसले. वडापाव खाऊन आम्ही परत आलो.

दुसरा आला तो आपल्या पायांनी. निलेश त्याचं नाव. शकुच्या एका गिऱ्हाइकाचा भाचा, पीएच.डी. करत होता. मुलगा शांत, पायातल्या चपला नीट जोडून बाहेर ठेवणारा. तेजलची वही बघितली, दोन गणितं करून दाखवली, मलासुद्धा थोडंफार कळलं असं वाटलं. आठवड्यातून तीनदा येईन म्हणाला. मी मनातल्या मनात त्याला ठेवूनही टाकलं होतं. तेवढ्यात शकुने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि तोच प्रश्न विचारला. भौतिकशास्त्रात भुताचं काय असतं.

निलेश हसला नाही. "नाही काकी, तसं काही नसतं," असं मऊ आवाजात म्हणाला. पण म्हणताना त्याने तेजलकडे बघून एक डोळा किंचित मिचकावला. आई आहे, चालायचंच, अशा अर्थाने. तेजलनेही ओठ हलवल्यासारखं केलं.

तो गेल्यावर शकु म्हणाली, "हा पण नको."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "काय बाई आहेस गं तू. इतका चांगला मुलगा दारात आला. परीक्षा डोक्यावर आलीय. आणि अंधेरीला हसं झालं ते पुरलं नाही का? तोच प्रश्न पुन्हा? तुला कळत नाही तर गप्प बसावं माणसाने."

शकुने कप उचलले. "वाट लागायचीच असेल तर माझ्या पसंतीने लागू दे," म्हणाली आणि मोरीकडे गेली. दोन दिवस मी स्टुलावर बसायला गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले, कारण वर करमत नव्हतं.

तिसरा पत्ता घाटकोपरचा. पंतनगरच्या जुन्या कॉलनीत सुबोध सर म्हणून होते. कॉलेजात आयुष्यभर फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले. ते शिकवण्या घेत नाहीत, पण मूड असला तर घेतात, अशी माहिती शकुला एका साडीबरोबर मिळाली होती. आम्ही तिघी बसने गेलो. पुलावर बस अडकली ती अडकलीच, आणि मी सगळ्या वाटेत शकुला बजावलं, आज तोंड उघडायचं नाही.

सर मला पहिल्याच क्षणी आवडले नाहीत. दाढीचे खुंट वाढलेले, बनियनवर शर्ट घालता घालताच दार उघडलं. बसा म्हणाले, पाणी विचारलं नाही. मी माझ्या ठेवणीतल्या इंग्रजीत सुरुवात केली तर मध्येच म्हणाले, "मराठीत बोला, वेळ वाचेल." तेजलला विचारलं कुठलं प्रकरण अडतं, ती म्हणाली सगळीच. "सगळीच म्हणजे काही सांगायचं नाही," सर म्हणाले. भिंतीवरचा पंखा करकरत होता.

आणि शकुने विचारलं. मी तिच्या पायावर पाय ठेवला, तरी विचारलं. या वेळी मात्र तिचा आवाज बारीक होता. "सर, भौतिकशास्त्र म्हणतात ना. त्यात भुताचं काय असतं?"

सरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला.

"असतं ना," ते म्हणाले. "भुतावरूनच आलाय तो शब्द. पंचमहाभूतं म्हणतो ना आपण, पाणी, माती, हवा, ती भूतं. जे जे आहे ते भूत. त्याचा अभ्यास ते भौतिक. मरून येतं ते भूत वेगळं, त्याचा मला अनुभव नाही." मग म्हणाले, "इतकी वर्षं शिकवलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं."

शकुने हातातल्या रुमालाने गळा पुसला. आणि मग, मला आधी वाटलं शेजारून कुणी बोलतंय, तेजलचा आवाज आला.

"सर, मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणजे तो क्षण नाही ना?"

"कुठला क्षण?"

तेजल एकदम लाल झाली, पण आता सुरू केलं होतं म्हणून बोलत राहिली. इनर्शिया म्हणजे जडत्व, हे शाळेत शिकली होती. मोमेंट म्हणजे क्षण, हे तर सगळ्यांनाच माहीत. म्हणून तिला वाटायचं, जड वस्तू हलायच्या आधी जो एक क्षण हटून बसते, तो क्षण म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया. बारावीला सूत्र पाठ करून निघाली. कॉलेजात फ्लायव्हीलच्या प्रयोगाला, म्हणजे एक जड चाक फिरवून मोजायचं असतं, त्याला बाहेरच्या कॉलेजातल्या मॅडम तोंडी परीक्षा घेत होत्या. त्यांनी व्याख्या विचारली, हिने हे सांगितलं. मॅडमनी सगळ्या बॅचला पुन्हा ऐकवायला लावलं. त्यानंतर वर्षभर मुलं तिला बघून घड्याळ दाखवायची, तेजल, मोमेंट आला का.

"मग मी विचारायचंच बंद केलं," ती म्हणाली. "दुसरं पण काहीतरी असंच चुकीचं समजले असेन तर."

मी शकुकडे बघितलं. ती मुलीकडे बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. हे तिलाही आजच कळत होतं.

"अर्थ चुकीचा आहे," सर म्हणाले. "पण विचार करून काढलेला आहे. पाठ करणाऱ्याला असं चुकता येत नाही. इंग्रजीत त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, ते त्यांचं त्यांनी निस्तरावं, तुझा दोष नाही. मराठीत याला आघूर्ण म्हणतात. काही कळलं?"

"नाही."

"मलाही नव्हतं कळलं." ते उठले, टेबलावरची फूटपट्टी घेतली, दोन खोडरबर तिच्या मधोमध दोऱ्याने बांधले आणि पट्टी मध्ये धरून तेजलला हातात गरागरा फिरवायला लावली. मग तेच खोडरबर दोन टोकांना सरकवून पुन्हा फिरवायला लावली. "काय झालं?"

"जड लागतेय. पण वजन तर तेवढंच आहे." तेजल पट्टी फिरवत राहिली. "म्हणजे नुसतं वजन किती ते नाही. मधल्यापासून लांब किती, ते पण."

"ते पण," सर म्हणाले. "बस. यालाच लोक घाबरतात. आणि खोडरबर अर्ध्यावर ठेवले तर काय होईल?"

"थांबा, सर, पण मग—" तेजल म्हणाली, आणि पुढे जे सुरू झालं ते मी इतकी वर्षं दार लावून टाळलेलं होतं. पट्टी वाकडी धरली तर काय, टोकाला धरून फिरवली तर काय. सर एकेकाचं उत्तर देत होते, आणि एकाला म्हणाले, मला आठवत नाही, बघून सांगतो. पाणी शेवटपर्यंत मिळालं नाहीच. मी स्वयंपाकघरात जाऊन घेतलं.

तेजल उन्हाळ्यापर्यंत घाटकोपरला जात राहिली. पास झाली. फार काही मार्क मिळाले नाहीत, पण सुटली, आणि तिसऱ्या वर्षाला तिने फिजिक्सच ठेवलं. जिन्यात परत मला गाठायला लागली, आणि दुपारची झोप गेली ती गेलीच.

निकालाच्या दिवशी मी खाली स्टुलावर बसले होते. शकु माझ्याच साडीला फॉल लावत होती.

"काय गं," मी म्हटलं, "ते भुताचं तुला खरंच माहीत नव्हतं?"

"अंधेरीला खरंच माहीत नव्हतं. तो हसला तेव्हा मी तेजलकडे बघितलं. जशी मान खाली घातली ना तिने, तेव्हा कळलं, हिला पण कोणीतरी असंच हसलंय. मग निलेशला मुद्दाम विचारलं. माझ्या प्रश्नावर डोळा मिचकावतो तो तिच्या चुकीवर काय करेल?"

"आणि घाटकोपरला?"

"तिकडे घाबरत विचारलं, ताई. दुसरा शोधायला दिवस उरले नव्हते. तो पण हसला असता तर त्यालाच ठेवायला लागलं असतं."

तिने दोरा दाताने तोडला, सुईत दुसरा ओवला. मला वाटलं विषय संपला. मग ती खाली बघूनच म्हणाली, "मी सातवीत होते. गुरुजींना एक विचारलं, तर आख्खा वर्ग हसला. गुरुजी पण. दुसऱ्या दिवशी पोटात दुखतं म्हणून घरी राहिले. मग राहिलेच."

इतकी वर्षं या स्टुलावर बसते, पण शकुने शाळा का सोडली हे मी कधी विचारलं नव्हतं. गरिबी असेल असं धरून चालले होते.

"काय विचारलं होतंस?" मी म्हटलं.

शकुने हात थांबवला. बराच वेळ आठवून बघितलं.

"ते नाय आठवत," ती म्हणाली. "हसले ते आठवतं."